लाँसने ८४ पॉइंट कसे काढले? २०२२-२३ च्या त्या टीमची सोपी उकल

फ्रेंच लीग म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात पीएसजी (म्हणजे पॅरिस सेंट-जर्मेन) आणि बाकी सगळे एवढंच चित्र असतं, आणि त्यात कुणाची चूक पण नाही, गेल्या दहा-बारा वर्षांत बहुतेक वेळा तेच जिंकलेत. पण २०२२-२३ च्या सीझनचं शेवटचं पॉइंट टेबल एकदा नीट बघा. पीएसजी ८५, लाँस ८४. मेस्सी, नेमार आणि एम्बापे तिघेही एकाच टीममध्ये असताना, तीन वर्षांपूर्वीपर्यंत सेकंड डिव्हिजनमध्ये खेळणारा एक क्लब त्यांच्यापासून एका पॉइंटवर येऊन थांबला. याला लोक परीकथा वगैरे म्हणतात आणि पुढे जातात, मला ते अजिबात पटत नाही, कारण परीकथा म्हटलं की मग कसं झालं हे कुणी विचारतच नाही. आणि कसं झालं हाच तर सगळ्यात भारी भाग आहे.

आधी ८४ म्हणजे नेमकं किती ते बघू. त्या वर्षी लीगमध्ये २० टीम होत्या, म्हणजे प्रत्येकी ३८ मॅच. लाँसने २५ जिंकल्या, ९ ड्रॉ केल्या आणि फक्त ४ हरल्या. पीएसजी ७ हरली होती! म्हणजे चॅम्पियनपेक्षा रनर-अप कमी हरलेत. लाँसने अख्ख्या सीझनमध्ये २९ गोल खाल्ले, लीगमध्ये सगळ्यात कमी, आणि पीएसजीने ४०. आता जुनी टेबलं काढा: मोंपेलिए २०११-१२ मध्ये ८२ पॉइंटवर चॅम्पियन झाले, लील २०२०-२१ मध्ये ८३ वर. दोन्ही वेळा ३८ मॅचचीच लीग होती. म्हणजे लाँसचे ८४ हे चॅम्पियनचेच पॉइंट होते, फक्त त्या वर्षी समोरच्याने एक जास्त काढला.

आता हे लाँस आहे कुठे? फ्रान्सच्या अगदी उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेजवळ, कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात. गावाची लोकसंख्या साधारण ३२ हजार आणि क्लबच्या बोलार स्टेडियममध्ये बसतात साधारण ३८ हजार, म्हणजे अख्खं गाव आत बसवलं तरी खुर्च्या उरतील. आणि तरी ते भरतं, कारण आजूबाजूच्या सगळ्या खाणींच्या गावांतून लोक येतात. स्टेडियमचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते फेलिक्स बोलार खाण कंपनीतलेच मोठे अधिकारी होते, १९३० च्या दशकात हे मैदान उभं राहिलं तेव्हा बेरोजगार झालेल्या खाण कामगारांनी त्यावर काम केलं होतं. त्या भागातली शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली. खाणी गेल्या, नोकऱ्या गेल्या, क्लब राहिला. आजही सेकंड हाफच्या सुरुवातीला सगळं स्टेडियम खाण कामगारांच्या वस्तीवरचं एक जुनं गाणं एका सुरात म्हणतं, व्हिडिओ शोधून ऐकाच, अंगावर काटा येतो.

क्लबचा इतिहास पटकन सांगतो कारण मुद्दा वेगळा आहे. १९९८ मध्ये लाँस चॅम्पियन झालेले, तेही मेट्झबरोबर सारखेच पॉइंट असताना गोल डिफरन्सवर, म्हणजे मारलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर. मग हळूहळू घसरण, नवीन मालक आला, पैशांचे घोळ झाले, २०१४-१५ मध्ये तर स्टेडियमचं काम चालू असल्यामुळे घरच्या मॅच दुसऱ्या गावात खेळाव्या लागल्या आणि त्याच सीझनला रेलिगेट झाले, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलले गेले. त्यानंतर पाच वर्षं लीग २, म्हणजे सेकंड डिव्हिजनमध्ये. २०१६ पासून जोसेफ उगुर्लियां नावाच्या फायनान्सवाल्या माणसाने क्लब हातात घेतला आणि हिशोब लायनीवर यायला लागले. २०२० मध्ये कोविडमुळे लीग मधेच थांबली तेव्हा लाँस दुसऱ्या नंबरवर होते, म्हणून वर आले. पुढची दोन्ही वर्षं सातवा नंबर. आणि तिसऱ्या वर्षी दुसरा.

या सगळ्यात मध्यभागी एक माणूस आहे, फ्रँक एझ. खेळाडू म्हणून फार मोठं नाव नाही, कोच म्हणून पण नव्हतं. ते लाँसच्या बी टीमला शिकवत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये मेन टीमच्या कोचला काढलं आणि यांना बसवलं, बऱ्याच जणांना वाटलं की तात्पुरतं असेल. आता यात एक गोष्ट लक्षात घ्या, बी टीमचा कोच असल्यामुळे त्यांना क्लबची नस माहीत होती, कुठला पोरगा काय करू शकतो, लोकांना काय बघायला आवडतं. आणि आवडतं काय तर पळणारी, अंगावर जाणारी टीम. एझनी तेच केलं, पण नुसतं पळवलं नाही, पळण्याला एक आकार दिला.

तो आकार म्हणजे ३-४-२-१. आकडे बघून घाबरू नका, सोपं आहे. मागे तीन डिफेंडर. त्यांच्यापुढे चार जण, त्यातले मधले दोन सेंट्रल मिडफिल्डर आणि दोन्ही कडांना दोन विंगबॅक. पुढे दोन जण जे ना धड विंगर (कडेने अटॅक करणारा) ना धड स्ट्रायकर (सगळ्यात पुढे राहून गोल मारणारा), थोडे आत सरकून खेळणारे. आणि सगळ्यात पुढे एक स्ट्रायकर. यात सगळ्यात जास्त घाम कुणाचा निघत असेल तर विंगबॅकचा, कारण टीमकडे बॉल असला की तो विंगर आणि बॉल गेला की तोच डिफेंडर. अख्खी कडा एकट्याची. त्यामुळे विंगबॅक चांगला नसेल तर ही सिस्टीम कागदावर कितीही छान दिसली तरी मैदानात फसते.

आता हे वाचल्यावर विचार करा की २०२२ च्या उन्हाळ्यात लाँसने आपला सगळ्यात भारी विंगबॅक विकला. जोनाथन क्लॉस, याच टीममध्ये खेळून फ्रान्सच्या नॅशनल टीमपर्यंत पोचलेला, तो मार्सेला गेला. मिडफिल्डमधला शेक दुकुरे इंग्लंडला क्रिस्टल पॅलेसला गेला. पुढे गोल करणारा कालिमुएंदो मुळात पीएसजीकडून लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना घेतलेला होता, तोही गेला. म्हणजे कणाच काढून घेतल्यासारखं. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार की आता हे दहावे-बारावे येतील.

इथेच स्क्वॉड बांधण्याची खरी अक्कल दिसते. मोठ्या क्लबांची खरेदी बऱ्याचदा अशी असते की भारी खेळाडू उपलब्ध आहे ना, मग घ्या, कुठे खेळवायचा ते नंतर बघू. लाँसला ते परवडणारंच नव्हतं, पीएसजीचं बजेट त्यांच्या दहापटीहून जास्त. म्हणून त्यांनी उलटं केलं, आधी ठरवलं की या सिस्टीममध्ये या जागेवरच्या माणसाला कुठली एक गोष्ट आलीच पाहिजे, आणि मग ती गोष्ट ज्याला उत्तम येते पण बाकी काही कारणाने ज्याची किंमत कमी आहे असा खेळाडू शोधला.

उदाहरणं घेऊ म्हणजे कळेल. क्लॉसच्या जागी त्यांनी मोठं नाव आणलंच नाही, डाव्या बाजूला खेळणारा पोलंडचा फ्रँकोव्स्की उजवीकडे आणला. हा माणूस २०२१ मध्ये अमेरिकेतून, शिकागो फायरमधून आलेला. युरोपातले क्लब अमेरिकेतल्या लीगकडे परतीच्या वाटेवरचा खेळाडू शोधायला फारसे जात नाहीत, लाँस गेले. डावीकडे मग माचादो आणि आइदारा. दुकुरेच्या जागी क्लेरमाँसारख्या छोट्या क्लबमधून घानाचा सालिस अब्दुल समद, शांत डोक्याचा, बॉल पटकन सोडणारा, आपली जागा न सोडणारा. गोलकीपर ब्रिस सांबा नॉटिंगहॅम फॉरेस्टमधून. त्याने त्या क्लबला नुकतंच प्रीमियर लीगमध्ये पोचवलं होतं, आणि तरी तो लाँसला आला. त्या सीझनच्या शेवटी लीगमधला सर्वोत्तम गोलकीपर म्हणून त्याचीच निवड झाली आणि फ्रान्सच्या टीममध्येही तो पोचला.

स्ट्रायकर म्हणून आणला लोइस ओपेंडा. बेल्जियमचा, क्लब ब्रुगचा खेळाडू पण तिथे त्याला पुरेशी संधी मिळाली नव्हती, नेदरलँड्समध्ये व्हिटेसकडे लोनवर खेळत होता. उंच नाही, पाठीवर डिफेंडर घेऊन बॉल अडवून धरणारा नाही. पण डिफेन्सच्या मागच्या मोकळ्या जागेत धावणं म्हणाल तर बघत राहावं असं. लाँसला नेमकं तेच हवं होतं कारण बॉल हिसकावला की दोन-तीन पासमध्ये समोरच्या गोलपर्यंत पोचायचं हा त्यांचा खेळ. ओपेंडाने लीगमध्ये २१ गोल मारले. मार्चमध्ये क्लेरमाँच्या मैदानात तर त्याने पाच मिनिटांच्या आत हॅटट्रिक केली, पाच मिनिटांत तीन गोल, आणि तिन्हीत तीच धाव दिसते.

बाकी मंडळी आधीपासून होती. मागच्या तिघांत ग्रादी, डान्सो आणि मेदिना. डान्सोची गोष्ट मला फार आवडते, हा ऑस्ट्रियाचा पोरगा साउथॅम्प्टनला लोनवर जाऊन फारसा खेळलाच नव्हता, लोकांनी जवळपास फुली मारलेली, लाँसने घेतला आणि दोन वर्षांत फ्रेंच लीगमधल्या सगळ्यात भारी डिफेंडर्समध्ये त्याचं नाव आलं. पुढे सोतोका, जो लीग २ च्या दिवसांपासून टीममध्ये होता, करिअरची कितीतरी वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये काढलेला माणूस, आणि एझच्या टीममधून त्याला काढणं जवळपास अशक्य, कारण तो जे काम करायचा ते स्कोअरशीटवर दिसत नाही. आणि कॅप्टन सेको फोफाना. २०२० मध्ये उडिनेसेकडून आलेला. बॉल घेऊन मधल्या मैदानातून सरळ तिघांना मागे टाकत जाणारा मिडफिल्डर. सगळ्यांना वाटत होतं की हा पण २०२२ मध्ये जाणार, त्याने उलट सीझनच्या सुरुवातीलाच करार वाढवला. ड्रेसिंग रूममध्ये याचा परिणाम काय होतो ते वेगळं सांगायला नको.

आता खेळ. लाँसचं प्रेसिंग, म्हणजे बॉल समोरच्याकडे असताना त्याच्यावर धावून जाऊन तो हिसकावणं, समजून घ्यायचं तर कबड्डी डोळ्यासमोर आणा. रेडर आत आला की साखळीतला एक जण पुढे झेपावतो, पण तो एकटा गेला तर रेडर सुटतो, त्याच क्षणी बाजूचे दोघे आत दाबत आले पाहिजेत आणि मागची जागा झाकली पाहिजे. लाँसचं तसंच. समोरच्या गोलकीपरने आपल्या सेंटरबॅकला (मधल्या डिफेंडरला) पास दिला की ओपेंडा त्याच्याकडे सरळ न जाता वळसा घेऊन धावतो, म्हणजे त्या सेंटरबॅकला दुसऱ्या सेंटरबॅककडे पास द्यायचा रस्ता बंद. आता त्याच्याकडे उरला फुलबॅक, म्हणजे कडेचा डिफेंडर. तिकडे पास गेला की फ्रँकोव्स्की आपली जागा सोडून थेट त्या फुलबॅकच्या अंगावर. सोतोका आतल्या मिडफिल्डरला चिकटलेला. आणि फ्रँकोव्स्कीच्या मागे जी जागा मोकळी पडली तिथे मागच्या तिघांतला ग्रादी वर सरकतो, समोरच्या विंगरच्या पाठीला लागतो. चार-पाच सेकंदांत हे सगळं. फुलबॅकला वर बघितल्यावर कुणीच मोकळा दिसत नाही, तो एकतर बॉल बाहेर मारतो नाहीतर लांब उडवतो, आणि लांब उडवला की तिथे डान्सो उभाच आहे.

यात धोका काय ते पण बघा. ग्रादी वर गेला म्हणजे मागे डान्सो आणि मेदिना दोघेच, कधीकधी तर डान्सो एकटाच समोरच्या स्ट्रायकरबरोबर, आणि पाठीमागे अर्धं मैदान मोकळं. तिथे वेगवान आणि न घाबरणारा डिफेंडर नसेल तर प्रत्येक मॅचला तीन गोल बसतील. म्हणून मी म्हणतो की २९ गोल खाल्ले हा आकडा बचावात्मक खेळाचा नाहीये, लाँस कधीच दहा जण मागे लावून बसले नाहीत. ते समोरच्याला त्याच्याच अर्ध्यात कोंडायचे, त्यामुळे बॉल त्यांच्या गोलपर्यंत कमी वेळा यायचा, आणि आला तर डान्सो आणि सांबा. पुढचे बचाव करतात आणि मागचे अटॅक सुरू करतात, हे एकदा कळलं की ही टीम बघायला वेगळीच मजा येते.

१ जानेवारी २०२३ ची पीएसजीबरोबरची मॅच हा या सगळ्याचा सगळ्यात चांगला नमुना. पीएसजी त्या सीझनमध्ये तोपर्यंत हरलीच नव्हती. मेस्सी वर्ल्ड कपनंतर सुट्टीवर, नेमार सस्पेंड, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही, पण एम्बापे होता. पाचव्या मिनिटाला फ्रँकोव्स्कीने गोल केला, म्हणजे विंगबॅक समोरच्या गोलपाशी! लगेच पीएसजीच्या एकितिकेने बरोबरी केली, मग ओपेंडा, आणि मध्यंतरानंतर लगेच क्लोद-मोरिस. ३-१. वर्षाच्या पहिल्याच संध्याकाळी अंतर चार पॉइंटवर आलं आणि त्या रात्री पहिल्यांदा लोक गंभीरपणे बोलायला लागले की हे खरंच होऊ शकतं का.

घरच्या मैदानाचा हिशोब तर वेगळाच. बोलारवर १९ पैकी १७ विजय, एक ड्रॉ, एक हार. आणि बाहेर १९ पैकी ८ विजय, ८ ड्रॉ, ३ हार. हे दोन आकडे शेजारी ठेवा, विजेतेपद कुठे गेलं ते लगेच दिसतं. बाहेर जाऊन हरत नव्हते, पण ड्रॉ फार करत होते, आणि फुटबॉलमध्ये जिंकल्याला ३ आणि ड्रॉला १ असल्यामुळे ड्रॉ म्हणजे गमावलेले दोन पॉइंट. त्या आठपैकी एक, फक्त एक ड्रॉ विजयात बदलला असता तर ८६ झाले असते. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एक वाईट पॅच आला, ट्रॉयस आणि ब्रेस्टबरोबर ड्रॉ, नीस आणि लियॉंकडून हार, चार मॅचमध्ये मिळून २ पॉइंट. माझ्या मते विजेतेपद तिथे गेलं. बऱ्याच जणांना वाटतं ते १५ एप्रिलला पॅरिसमध्ये गेलं.

ती १५ एप्रिलची मॅच पण सांगतो. लाँस सहा पॉइंट मागे, जिंकले तर अंतर तीन. सुरुवात जबरदस्त केली, पीएसजीला त्यांच्याच मैदानात दाबून धरलं होतं, आणि १९ व्या मिनिटाला अब्दुल समदला रेड कार्ड. साखळीतला एक माणूस कमी झाला की हा खेळ खेळताच येत नाही. मध्यंतरापर्यंत एम्बापे, व्हितिन्या आणि मेस्सीने तीन गोल मारले, शेवट ३-१. अंतर नऊ झालं, सात मॅच शिल्लक. बहुतेक टीम इथे सैल पडतात. लाँसने उरलेल्या सातच्या सात मॅच जिंकल्या! मोनाकोला ३-०, मार्सेला २-१, सगळ्यांना. तिकडे पीएसजी अडखळत राहिली आणि ते नऊचं अंतर सीझन संपताना एक झालं होतं. या सात मॅचबद्दल फार कमी बोललं जातं, पण मला विचाराल तर या टीमबद्दल सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. लाँसला त्या वर्षी काही गोष्टी अनुकूल होत्या. ते युरोपियन स्पर्धेत नव्हते, म्हणजे मंगळवार-बुधवारी मॅच नाही, प्रवास नाही, पूर्ण आठवडा सरावाला. इतकं पळायला लावणाऱ्या खेळाला विश्रांती हेच इंधन. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कतारचा वर्ल्ड कप झाला तेव्हा पीएसजीचे कितीतरी जण तिकडे दमले, लाँसचे मोजकेच गेले होते. आणि रोजचे अकरा जण बरेचसे ठरलेले राहिले, ज्यांना एकमेकांच्या हालचाली झोपेतही माहीत होत्या. यातून लाँसचं श्रेय कमी होत नाही, कारण त्या वर्षी युरोपात न खेळणारे आणखी बरेच क्लब होते आणि त्यांच्यापैकी कुणी ८४ पॉइंट काढले नाहीत.

पण पुढच्याच वर्षी हेच सगळं उलटं फिरलं. ओपेंडा घेतल्याच्या जवळपास चौपट किमतीला जर्मनीच्या लाइपझिशला गेला, फोफाना सौदीला अल नासरमध्ये. ओपेंडाच्या जागी मोंपेलिएचा एली वाही आणला, क्लबच्या इतिहासातली सगळ्यात महाग खरेदी, पण दोघांच्या धावण्यात फरक होता आणि तो पहिल्या काही मॅचमध्येच जाणवला. चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, बोलारवर आर्सेनलला २-१ हरवलं, तोमासों आणि वाहीचे गोल, ती रात्र लाँसचे लोक विसरणार नाहीत, पण त्याच आर्सेनलने लंडनमध्ये सहा गोल मारले. आठवड्यात दोन मॅच आल्या तसे पाय जड व्हायला लागले आणि लीगमध्ये सातवा नंबर. २०२४ मध्ये एझ स्वतः नीसला गेले.

ज्यांना ही टीम एकदा बघायची आहे त्यांना एवढंच सांगेन की १ जानेवारीच्या मॅचचे नुसते हायलाइट्स बघू नका, त्यात फक्त गोल दिसतील. पूर्ण मॅच मिळाली तर पहिला अर्धा तास बघा, आणि बॉलकडे न बघता ग्रादीकडे बघा, तो कधी जागा सोडतो, कुणाच्या मागे जातो, आणि तो गेल्यावर डान्सो किती पावलं सरकतो.